सहा वाजताची हजेरी

२७ जून १९९९, शहापूर

टीव्हीवर दिवसभर तोफा. ज्याला घरातला उंदीर मारवत नाही तो चौकात उभा राहून टेकड्या काबीज करतोय. वीट आला.

दुपारी मंडळाची पोरं आली. १५ ऑगस्टला तालुक्यातल्या माजी सैनिकांचा सत्कार. "मेजरसाहेब, तुमी पायजेच." म्हटलं, मी मेजर नव्हतो रे. हवालदार, तोही क्लार्क. बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला. तर म्हणे, "असू द्या हो, बॅनरवर मेजरच बरं दिसतं." निवृत्त होऊन इथं आलो तेव्हापासून मी मेजर आहे. पहिली दोन वर्षं दुरुस्ती केली, मग सोडून दिलं. माझा दोषच हा. चुकीचं लिहिलेलं तसंच राहू देतो.

१५ ऑगस्ट, सकाळी ७

सत्कार झाला. भाषणं लांबली. शाल बरी, नारळ किडका निघाला. डोकं दुखलं.

१५ ऑगस्ट, दुपारी ३

वरचं सगळं खोडा. प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. आम्ही सात म्हातारे पदकं लावून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर साडेबारापर्यंत भिजत. शेवटी लाउडस्पीकरवाल्याच्या हस्ते शाली. नारळ मिळालाच नाही, किडका कुठून.

सौ. ने वही पाहिली. "जेवायच्या आधी 'जेवलो' लिहायची तुमची खोड काही जायची नाही." नोकरीतली सवय, म्हटलं. ती हसत आत गेली. मला हसू आलं नाही.

७ सप्टेंबर

पुण्याहून जाड पाकीट. कर्नलसाहेबांचं (यापुढे क.सा.). एकाहत्तरच्या लढाईत ते आमच्या पलटणीत कॅप्टन होते. ऑफिस त्यांच्या हाताखाली, ऑफिसात मी. आता निवृत्तीनंतर आमच्या डिव्हिजनचा युद्ध-इतिहास लिहितायत. सगळ्या ब्रिगेडी, सगळ्या पलटणी, नकाशांसकट. आमच्या पलटणीचं प्रकरण टाइप करून पाठवलंय. "रोजच्या कागदांच्या कार्बन प्रती तुझ्याकडे असणारच, तू जपून ठेवणारा. ताडून पाहा आणि शेवटच्या पानावर 'तपासले' लिहून सही कर. पुस्तकात नाव येईल."

प्रती आहेत. पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर. सौ. ला वाटतं जुनी पत्रं आहेत.

९ सप्टेंबर

प्रकरण वाचलं. नदी ओलांडल्याची साडेतीन पानं. त्यात चिखल नाही, हगवण नाही, कोणी घाबरत नाही, कोणी आईला हाक मारत नाही. मी होतो त्या लढाईत हे सगळं होतं. ही कुठली लढाई कोण जाणे.

पान ११: "अशा या शूर पलटणीत एकच जवान कर्तव्यापासून ढळला. शिपाई गोमा मेंगाळ हा रात्रीच्या अंधारात फरार झाला. परंतु त्या एका डागामुळे इतरांचे तेज अधिकच उठून दिसते."

तेज! पानावर थुंकावंसं वाटलं.

गोमा मुरबाडकडचा. वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीतला ठाकर. भरतीला आम्ही एकाच दिवशी गेलो, लाइनीत मागेपुढे उभे. त्याला लिहिता येत नव्हतं, त्याची पत्रं मी लिहायचो. बायकोला दर पत्रात एकच ओळ असायची: भात लावलं का, झोडलं का, भरलं का. मी म्हणायचो, अरे दुसरं काही लिही. तो लाजायचा.

११ सप्टेंबर

एकदा नीट लिहून काढतो. कोणाला दाखवायचं नाही.

रोज संध्याकाळी सहाला पलटणीत किती माणसं हजर, याचा कागद ब्रिगेडला जायचा, तिथून डिव्हिजनला. पण कागद न्यायला मोटारसायकलवाला यायचा चारला. म्हणून सहाची हजेरी मी साडेतीनलाच लिहून ठेवायचो. सगळे क्लार्क हेच करायचे. काही चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती जोडायची. त्या दिवशी लिहिलं: सर्व हजर.

गोमा दोनला बाहेर पडला होता. नदीकाठची टेलिफोनची तार तुटलेली. तार जोडायला दोघांनी जायचं हा नियम, पण त्याचा जोडीदार तापाने फणफणत होता. क.सा. म्हणाले, "मेंगाळ, पटकन जोडून ये." तारेचं रीळ खांद्यावर घेऊन गेला. मी तंबूच्या दारात होतो. "येतू, च्या ठेव," म्हणाला.

पाचच्या सुमाराला नाईक शिंदे गस्तीवरून आला. सांगितलं, बांधाजवळ गोळा पडलाय. खड्डा, रीळ आणि एक बूट. बूट रिकामा नव्हता.

सकाळी दुरुस्तीचा कागद करून क.सा. कडे गेलो. त्यांनी वाचला, खाली ठेवला. "कालच्या कागदात सहाला हजर आहे ना?" म्हटलं, साहेब, ते मी साडेतीनला लिहिलं. "म्हणजे खोटी हजेरी लिहिलीस?" त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. "सहाला हजर, सकाळी नाही. म्हणजे रात्री गेला. तसं टाइप कर."

एका ओळीत दोघंही सुटलो. नियम मोडून एकट्याला पाठवल्याबद्दल त्यांना कोणी विचारणार नव्हतं, आणि न झालेलं लिहिल्याबद्दल मला. मी टाइप केलं. एकही चूक नाही. दुपारी पलटण नदीपार गेली, खड्ड्याकडे कोणी फिरकलं नाही. दोन दिवसांनी शिंदेही पडला. मग सांगणारा मी एकटाच उरलो.

गोमाचा चहा मी प्यायलो होतो. थंड होत होता म्हणून.

२० सप्टेंबर

सही केली. 'तपासले.' रजिस्टर करून टाकलं.

का केली? कारण नाही केली तर का नाही ते लिहावं लागलं असतं. पोस्टमन म्हणाला, "काय मेजरसाहेब, लढाईची कागदपत्रं?" मी मान डोलावली. स्वतःची शिसारी आली. घरी येऊन हात धुतले, साबणाने, पोरकटासारखे.

९ ऑक्टोबर, सर्वपित्री

सौ. ने मागल्या पत्र्यावर घास ठेवला. दरवर्षी विचारते तसं विचारलं, "कोणाचं राहिलं का हो?" दरवर्षी मी नाही म्हणतो.

गोमासाठी कोणी ठेवत नसेल. कागदावर तो पळालेला आहे, म्हणजे जिवंत आहे. जिवंत माणसाला घास ठेवत नाहीत.

सांगितलं तिला. सगळं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा. ती वड्याचं पीठ भिजवत होती. हात तसाच पिठात ठेवून ऐकलं. मग एवढंच विचारलं, "त्याची बायको आहे?" असावी, म्हटलं. "मग मला काय सांगत बसलाय?"

वडे जळले आज. दोघांनी तसेच खाल्ले.

२० नोव्हेंबर

वैशाखऱ्याला जाऊन आलो. सरळगावला एस.टी. बदलली, पुढं उतरून तासभर चढ. अठ्ठावीस वर्षांत मला हे अंतर पार करता आलं नव्हतं. सकाळी निघून दुपारी पोचलो.

गोमाचा भाऊ बुधा खळ्यावर भात झोडत होता. एका पलटणीत होतो म्हटल्यावर त्याचा चेहराच मिटला. "परत वारंट हाय का?" पहिली काही वर्षं पोलीस यायचे म्हणे, गोमाला शोधायला. भाताच्या कणगीत काठ्या खुपसून बघायचे. शेवटी म्हाताऱ्या बापाने कणगीच मोडून टाकली.

मग पारू आली, गोमाची बायको. पन्नाशीची, वाळलेली, डोक्यावर पेंढ्यांचा भारा. कपाळावर कुंकू. भारा टाकला आणि उभ्या उभ्याच विचारलं:

"कंच्या गावात हाय तो? दुसरी केली आसंल तर तसं सांगा. मी काय भांडायला जायाची नाय."

मी वाकून चपला काढू लागलो.

"नाय, खरंच सांगा. ह्ये कपाळ पुसताबी येत नाय, मिरवताबी येत नाय. पोरी हसत्यात."

घरात देव्हारा पाहिला. त्यांच्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा छोटा टाक करून देवांजवळ बसवतात. आईचा आहे, बापाचा आहे. गोमाचा नाही. बुधा म्हणाला, "बा मरताना बोलला, पोराचा टाक बसवू नका, त्यो पळालाय, येल. येल म्हनूनच गेला बिचारा."

आता बोलायचंच, असं ठरवून तोंड उघडलं. आणि काय म्हणालो? म्हणालो, डिव्हिजनचा इतिहास लिहितायत, थोडी माहिती हवी होती.

माहिती! बिनदुधाचा चहा दिला त्यांनी, तो प्यायलो. या घराण्याचा हा दुसरा चहा माझ्या पोटात.  

२१ नोव्हेंबर

सौ. ने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तिला कळलंय.

२५ नोव्हेंबर

क.सा. ना पत्र. माझी सही रद्द समजावी. पान ११ खोटं आहे हे आपल्याला आणि मला ठाऊक आहे. गोमा मेंगाळ आपल्या हुकुमाने गेला आणि दुपारी मेला. त्या दिवशीच्या हजेरीची आणि मी केलेल्या दुरुस्तीच्या कागदाची, दोन्ही नकला सोबत जोडतो. मूळ प्रती माझ्याजवळ ठेवल्या. एवढी तरी अक्कल आली.

१८ जानेवारी २०००

क.सा. चं उत्तर. "मजकूर छापखान्यात गेला आहे. जुनी मढी उकरून कोणाचं भलं होत नाही. आणि ती हजेरी कोणी लिहिली होती, विसरलास का? चौकशी लागली तर पहिलं नाव तुझं. वहिनींना नमस्कार."

माणूस नीच आहे आणि चुकीचं काही बोलत नाही. याचाच जास्त संताप येतो. पत्र चुलीत घालणार होतो, सौ. ने काढून घेतलं. "कागद जाळायचा नाही. तुमच्याकडं कागदाशिवाय आहे काय?"

१२ फेब्रुवारी

पुस्तक आलं. जाड, गुळगुळीत, वासाला रॉकेलसारखं. पान ११ चा मजकूर जसाच्या तसा. तेज उठून दिसतंय. शेवटच्या पानावर आभारात माझं नाव, पुढे 'हवालदार-क्लार्क'. एवढ्या वर्षांत हुद्दा बरोबर छापलेला हा पहिला कागद. तोही यावर.

संध्याकाळी मंडळाची पोरं. पोस्टमनने बातमी पसरवलीच होती. "मेजरसाहेब, इतिहासात नाव! परत सत्कार करू." पुस्तक हातोहात फिरलं. कोणी उघडून वाचलं नाही, फक्त माझं नाव कुठंय ते पाहिलं.

२० फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

पारू ओसरीवर हिरडा निवडत होती. बुधा कुडाला टेकून. मी पुस्तक आणि कार्बन प्रत समोर ठेवली. वाचता येत नाही दोघांनाही, पण समोर असावं. मग म्हटलं, गोमा पळाला नाही. तो मेला. त्याच दिवशी दुपारी, तार जोडायला गेला तिथं.

पारूचा हात थांबला नाही. हिरडा निवडत राहिली. मान वर न करता म्हणाली, "कोनी बगितला?"

शिंद्याचं सांगितलं. खड्डा, रीळ, बूट.

"कंच्या पायाचा?"

शिंद्याला मी विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही, नंतर कधी मनातही आलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी फक्त माझ्या सुटकेचा विचार केला. ही बाई बुटाचं ऐकताक्षणी विचारते ते हे. डावा पाय त्याचा थोडा वाकडा होता म्हणे, झाडावरून पडून. मला माहीतच नव्हतं. मी त्याची पत्रं लिहायचो!

मग तिने विचारलं, "तर मंग पळाला आसं लिवलं कोनी?"

साहेबाने सांगितलं, असं म्हणता आलं असतं. खोटंही नव्हतं. ओठावर आलं होतं.

म्हटलं, मी.

बुधा उठला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो माझ्याकडे न बघता खाली उतरून चालता झाला. पारू तशीच बसलेली. तिच्या डोळ्याला पाणी नव्हतं. मला आलं आणि लाज वाटली. मी रडायचं काय कारण.

"मेलाय तर," ती म्हणाली. "मी शिव्या दिल्या त्याला. रोज दिल्या."



मग तिने टोपली बाजूला सरकवली. "ह्ये मला एकलीला सांगून काय व्हनार? माज्या सासऱ्याला पळपुट्याचा बा म्हनून हिनावला, तो ह्याच वाडीनं. शिमग्याला समदी वीटभट्टीवरनं घरला येत्यात. होळीच्या दिशी या. सगळ्यांच्या म्होरं उभं ऱ्हा आन सांगा, कोनी लिवलं त्ये. मंग टाक बसवू."

मी हो म्हटलं.

"आन तिथ काडून आना. तुमची तारीख नको. वर्साचं घालायचं तर तिथ लागतीय."

निघताना चहा विचारला नाही. बरं केलं.

२ मार्च

गुरुजींकडे जुनी पंचांगं आहेत. तारीख मला तोंडपाठ, त्यांनी तिथी काढून दिली. मार्गशीर्ष वद्य अष्टमी. "कोण गेलं होतं?" म्हणाले. म्हटलं, घरातला. चिठ्ठी खिशात ठेवली.

८ मार्च

मंडळाच्या अध्यक्षाला बोलावून सगळं सांगितलं, सत्कार रद्द करा म्हटलं. ऐकून घेतलं आणि दाराकडे बघत म्हणाला, "मेजरसाहेब, आता कोनाला म्हाईत हाय हो? कशाला काढता? तालुक्याचं नाव खराब व्हतंय." मी म्हटलं, एका माणसाचं नाव खराब करून तालुक्याचं ठेवलंय, ते कोणाला माहीत आहे? त्याला कळलं नाही, किंवा कळलं. चहा अर्धा ठेवून गेला.

आज बाजारात दोघांनी नमस्कार टाळला. गंमत म्हणजे तिसऱ्याने नेहमीसारखं "काय मेजर" केलं आणि मला त्याचाच जास्त राग आला.

१४ मार्च

वाडीतला एक माणूस आसनगावला कामाला असतो, त्याच्या हाती बुधाचा निरोप. "या म्हनावं. पन पोरं लय तापल्यात. मी कोनाला आवरनार नाय."

बरोबर आहे त्याचं. त्याने का आवरावं?

क.सा. ना शेवटचं पत्र टाकलं. १९ तारखेला वाडीत सगळं सांगणार आहे, तुमच्या नावासकट आणि आधी माझ्या. यायचं असेल तर यावं. येणार नाहीत. आजवर ते कुठल्या बांधापर्यंत गेलेत.

१८ मार्च

पिशवी भरली. मूळ कार्बन प्रती, दुरुस्तीचा कागद, तिथीची चिठ्ठी. पदकं काढली, पुसली, परत ट्रंकेत टाकली. ती लावून तिथं उभं राहायचं म्हणजे निलाजरेपणाची कमाल.

सौ. म्हणाली, "मी येतेय." म्हटलं, मारतील बिरतील. म्हणाली, "तुम्हाला मारतील. मी पारूजवळ बसेन."

काय बोलायचं ते तीनदा कागदावर लिहिलं, तीनदा फाडलं. साहेबी मराठी होतेय. 'दुर्दैवाने' हा शब्द आला की फाडायचं. दुर्दैव कसलं, मी टाइप केलं.

१९ मार्च २०००, होळी. सकाळी ६

सव्वासातची एस.टी. सौ. आवरून दारात उभी. तिने डब्यात चार पुरणपोळ्या घेतल्यात, पारूच्या घरी द्यायला. घेतील का नाही देव जाणे.

वही उघडली आणि हात आपोआप चालू लागला: "वैशाखऱ्याला जाऊन आलो. सर्वांसमोर सांगितले. लोक शांत" इथपर्यंत लिहून झालं तेव्हा ध्यानात आलं. आणि ते 'सांगितले', 'लोक शांत'. टाइपरायटरची भाषा. या वयातही. किळस आली हाताची.

खोडलं. इतकं खोडलं की कागद फाटला.

अजून गेलेलो नाही. अजून कोणी काही ऐकलेलं नाही. बुधा काय करेल, पोरं काय करतील, पारू कपाळ पुसेल की माझ्याकडे बघणार पण नाही, यातलं काहीही झालेलं नाही. खालचं पान कोरं ठेवून निघतोय.